बिनमथळ्यांचा फर्मा

एका दिवाळी अंकाचा एक सोळा पानी फर्मा, म्हणजे एका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून छापायची सोळा पानं, आम्हाला दोनदा छापावा लागला. फाइल तपासलेली होती, पीडीएफ/एक्स-१ए या छपाईच्या फाइलींच्या मानकाला उतरलेली होती, अहवालावर हिरवी खूण होती. तरी छापून आलेल्या पानांवर एकाही लेखाला मथळा नव्हता. फाइल तपासणारी मीच होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

काम

वर्ष २०२३. दसरा २४ ऑक्टोबरला, वसुबारस ९ नोव्हेंबरला. फाइल आमच्या पुण्यातल्या प्रेसमध्ये पोचली २६ तारखेला, रात्री साडेअकराला. ‘दसऱ्याला नक्की’ याचा अर्थ आमच्या धंद्यात दसऱ्यानंतर दोन दिवस असाच असतो, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

२२४ पानं, ३,००० प्रती. कागद डबल क्राऊन, म्हणजे २० × ३० इंच. एका बाजूला आठ पानं आणि पाठीमागे आठ, असे चौदा फर्मे. त्यातले दोन जाहिरातींचे, आर्ट पेपरवर चार रंगांत. उरलेले बारा मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, नुसत्या काळ्या शाईत.

मजकूर तीन वाटांनी आला होता. नेहमीचे लेख आणि कविता डीटीपीवाल्याने जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लावल्या होत्या. पान १२९ ते १४४ हा विशेष विभाग एका पाहुण्या संपादकांनी स्वतः वर्डमध्ये, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवला होता. आणि जाहिराती जशा येतात तशा आल्या होत्या: कुणाची पीडीएफ, कुणाचा व्हॉट्सॲपवरचा फोटो, एका सराफाचं तर नुसतं व्हिजिटिंग कार्ड. सगळं इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र लावून त्याची एक पीडीएफ माझ्याकडे आली.

तपासणी

फाइल छपाईला लावण्याआधीच्या तपासणीला प्रीफ्लाइट म्हणतात. शब्द वैमानिकांचा आहे, उड्डाणाआधी विमान तपासतात त्यावरून आलेला. प्रेसमध्ये आम्ही सरळ ‘फाइल चेक’ म्हणतो.

पीडीएफ/एक्स-१ए हे मानक २००१ मध्ये आयएसओ १५९३०-१ या क्रमांकाने आलं. पाठवणारा आणि छापणारा एकमेकांना ओळखत नसले, फोनवर एक शब्द बोलले नाहीत, तरी फाइल जशी पाठवली तशीच छापली जावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून त्याच्या अटी कडक आहेत. सगळे फॉन्ट फाइलमध्येच भरलेले हवेत. रंग सीएमवायके (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शाया) किंवा खास शाईचे; आरजीबी, म्हणजे पडद्याचे लाल-हिरवा-निळा, चालणार नाही. पारदर्शकता नको, पासवर्ड नको. पान नेमकं कुठे कापायचं ते फाइलमध्ये नोंदलेलं हवं. कोणत्या छपाईसाठी फाइल बनवली तेही हवं. एक अट मला दरवेळी गंमतीची वाटते. रंगांच्या कडा एकमेकांवर थोड्या चढवण्याचं काम, म्हणजे ट्रॅपिंग, आधीच केलं आहे का, हे फाइलने सांगावं लागतं. उत्तर ‘हो’ चालतं, ‘नाही’ चालतं, ‘माहीत नाही’ चालत नाही. सरकारी फॉर्मसुद्धा याहून दयाळू असतो.

नंतर आलेलं एक्स-४ पारदर्शकता चालवून घेतं आणि आता तेच वापरावं असं जाणकार सांगतात. आमचं प्लेट (मशीनवर चढवायचा पत्रा, प्रत्येक शाईला वेगळा) काढायचं यंत्र जुनं, त्याला एक्स-१ए पचतं, म्हणून आम्ही तेच धरून होतो.

पहिला अहवाल उघडला तर ४१२ चुका. आकडा ऐकून घाबरायचं कारण नसतं. एकच चूक चारशे ठिकाणी असली की आकडा असा फुगतो. मी वरून खाली वाचत गेले.

फॉन्टची चूक एका कवितेच्या पानावर होती. फॉन्ट फाइलमध्ये भरलेलाच नव्हता. माझ्या पडद्यावर मात्र कविता स्वच्छ दिसत होती. कारण तोच फॉन्ट माझ्या संगणकावर होता आणि ॲक्रोबॅट, म्हणजे मी पीडीएफ उघडते आणि तपासते ते सॉफ्टवेअर, न विचारता तो उसना घेत होतं. जुन्या आठ-बिटी फॉन्टांची ही जुनीच खोड. त्यांत देवनागरीची अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट असला तर ओळ मराठी, नसला तर त्याच ओळीत रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. प्लेटच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. ॲक्रोबॅटच्या सेटिंगमध्ये स्थानिक फॉन्ट वापरण्यापुढची खूण काढली आणि कविता माझ्याही पडद्यावर मोडली. डीटीपीवाल्याने पान पुन्हा पाठवलं. मानकाने इथे खरोखर वाचवलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

जाहिरातींचं काय बोलावं! १,२०० पिक्सेल रुंदीचा फोटो सव्वासात इंचांच्या पानभर पसरवला की इंचाला १६५ पिक्सेल उरतात, आणि आर्ट पेपरवर चेहरे मेणाचे दिसतात. याबद्दल एक्स-१ए चकार शब्द काढत नाही. फोटो किती बारीक हवा हे त्याच्या अटींतच नाही. बेल्जियमच्या गेंट शहराचं नाव घेतलेला गेंट वर्कग्रुप अशा गोष्टींचे जादा नियम करतो. पांढरी अक्षरं ‘ओव्हरप्रिंट’वर, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायच्या सेटिंगवर, ठेवलेली असतील तरी तो नियम अडवतो. ती अक्षरं पडद्यावर दिसतात आणि कागदावरून नाहीशी होतात, कारण पांढरी शाई मशीनवर नसतेच. सराफाच्या पत्त्याचं नेमकं तेच झालं होतं. ते मला डोळ्यांनी सापडलं, अहवालाने नव्हे.

आता उरल्या आरजीबीच्या चुका, साडेतीनशेच्या वर. बहुतेक फोटोंच्या होत्या, काही ‘टेक्स्ट’ अशा होत्या. रात्रीचे दोन वाजले होते. ॲक्रोबॅटमध्ये ‘एक्स-१ए मध्ये बदला’ असं तयार काम मिळतं. रंग कोणत्या छपाईच्या हिशेबाने बदलायचे ते प्रोफाइल ठरवतं; मी त्यातला अमेरिकी स्वॉप प्रोफाइलचा पर्याय निवडला, कारण आमच्याकडे सवयीने तोच निवडला जातो, आणि बटण दाबलं. दोन मिनिटं फिरलं. पुन्हा तपासलं. चुका शून्य, हिरवी खूण. मी घरी गेले.

मशीनवर

दुसऱ्या दिवशी लेझरवर अंक छापून संपादकांकडे गेला. त्यांनी तीन जागी शुद्धलेखन सुधारलं आणि सही केली. फर्मे लावले, प्लेटा निघाल्या. नवव्या फर्म्याच्या दोन प्लेटा २८ तारखेला, कोजागरीच्या रात्री निघाल्या. त्या रात्री चंद्रग्रहणही होतं. आमच्या प्लेटवाल्या पोराने नंतर त्याचं भांडवल करायचा प्रयत्न केला, पण ग्रहणाने मथळे जात नाहीत.

नवव्या फर्म्यात पानं १२९ ते १४४. पुढच्या बाजूला येतात १२९, १३२, १३३, १३६, १३७, १४०, १४१ आणि १४४. ही यादी इथे देण्याला कारण आहे. विभागात चार लेख होते, सुरुवात १३०, १३४, १३८ आणि १४१ वर. म्हणजे पुढच्या बाजूला विभागाचं नावाचं पान आणि एकाच लेखाची सुरुवात. नावाच्या पानावर एक रेखाचित्र होतं, त्याखालचं विभागाचं नाव गेलं तरी पान पूर्ण वाटत होतं. १४१ वर माथ्याला तीन इंच कोरी जागा. हल्ली लोक अशी कोरी जागा मुद्दाम सोडतात. मशीनवरच्या काकांनी ती तशीच समजली आणि पुढची बाजू अख्खी छापली. वाया धरून ३,१०० ताव.

३० तारखेला, सोमवारी सकाळी, पाठीमागची प्लेट चढवली. पहिला ताव काढल्यावर काकांनी मला खाली बोलावलं.

“ताई, ह्या लेखांना नावं न्हाईत का हो?”

“आहेत की काका.”

“मग दाखवा बरं कुठं हायेत.”

ताव टेबलावर पसरला होता. १३०, १३४, १३८, तिन्ही पानांच्या माथ्यावर कोरी पट्टी. लेखकांची नावंही नाहीत, मधले उपमथळेही नाहीत. मजकूर मात्र छान काळाभोर. मी लेझरची सही केलेली प्रत आणली, तिच्यावर मथळे व्यवस्थित होते, करडे पण व्यवस्थित. माझ्या संगणकावर पीडीएफ उघडली, मथळे निळे आणि ठणठणीत.

काका भिंग घेऊन एका पानावर वाकले होते. “आणि हे बघा, ही काळी पण मळकी हाय.” १३८ वरच्या लेखाची अक्षरं बाकीच्यांपेक्षा किंचित निस्तेज होती. भिंगातून पाहिलं तर शिरोरेघेची कड करवतीसारखी आणि आत बारीक बारीक पांढरी छिद्रं. भरीव काळ्यात छिद्रं नसतात.

मथळे गेले कुठे

ॲक्रोबॅटमध्ये ‘आउटपुट प्रीव्ह्यू’ नावाची खिडकी आहे. तिच्यात प्रत्येक शाईपुढे एक चौकट असते. सायन, मॅजेंटा आणि पिवळ्यावरच्या खुणा काढल्या, नुसता काळा ठेवला. मथळे पडद्यावरूनही गेले. दहा सेकंदांचं काम होतं.

मग उलट चालत गेले. पाहुण्या संपादकांनी वर्डमध्ये मथळ्यांना वर्डचीच ‘हेडिंग’ शैली दिली होती, जी द्यावी असं सगळेच सांगतात. त्या शैलीचा रंग मुळातच निळा असतो. वर्डची फाइल इनडिझाइनमध्ये आणली की तो रंग आपलं नाव घेऊन रंगांच्या यादीत येऊन बसतो: ‘वर्ड_आर४६_जी११६_बी१८१’. डीटीपीवाल्याच्या यादीत तो होता. त्याच्या खाली ‘वर्ड_आर०_जी०_बी०’ असा दुसराही होता. १३८ वरच्या लेखकाने आपला मजकूर निवडून मुद्दाम काळा केला होता, त्याची ही खूण. त्याने हात लावला नसता तर तो इनडिझाइनच्या स्वतःच्या काळ्यात आला असता.

पीडीएफ करताना रंग बदलायचे नाहीत असं सेटिंग होतं. त्यामुळे दोन्ही रंग आरजीबीच राहून माझ्यापर्यंत आले, आणि माझ्या बटणाने त्यांना सीएमवायके केलं. निळ्याचं झालं भरपूर सायन, त्याच्या निम्म्याहून जास्त मॅजेंटा, जेमतेम पिवळा, आणि काळा जवळपास शून्य. आरजीबी काळ्याचं झालं सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९०. चार शाया असत्या तर दोन्ही रंग कागदावर ठीक आले असते. निळा निळा दिसला असता. काळा मात्र रजिस्टर, म्हणजे चार शायांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं असतं तरी धुरकट झाला असता, ती वेगळी कटकट.

पण नववा फर्मा एकरंगी होता. प्लेटच्या संगणकावर पोराला त्या पानांच्या चार प्लेटा दिसल्या. कामाच्या चिठ्ठीवर ‘एकरंगी’ लिहिलेलं, म्हणून त्याने तीन शायांवरच्या खुणा काढून टाकल्या. मथळे त्या तीन प्लेटांवर होते. १३८ वरचा मजकूर काळ्याच्या नव्वद टक्क्यांवर राहिला, आणि नव्वद टक्के म्हणजे ठिपक्यांची जाळी. शंभराला शाई भरीव पडते, नव्वदला जाळी पडते. दहा पॉइंटच्या अक्षराची शिरोरेघ आधीच बारीक, ती जाळीत चिरली जाते.

लेझरने दगा दिला असं म्हणण्यात अर्थ नाही. काळा-पांढरा लेझर प्रिंटर रंगाची उजळता मोजून करडी छटा काढतो. गडद निळ्याची गडद करडी. प्लेट छटा मोजत नाही, ती शायांची वाटणी करून आपल्या वाट्याचं तेवढंच घेते. प्रूफ एका वाटेने गेलं होतं आणि प्लेट दुसऱ्या. संपादकांनी सही केली त्या कागदाचं आमच्या प्लेटशी काही नातंच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही एकरंगी कामाला लेझरचंच प्रूफ देत होतो आणि फाइली बहुतेक काळ्याच असायच्या म्हणून भागत होतं.

आता हिरव्या खुणेचं. ती खोटी नव्हती. मानकाने विचारलं, प्रत्येक रंग सीएमवायकेत आहे का? होता. फॉन्ट आत आहेत का? होते. हा फर्मा प्रत्यक्षात किती शायांत जाणार, हे मानकाने विचारलंच नाही, कारण ते त्याचं काम नव्हे. ते फक्त मला माहीत होतं, आणि कामाच्या चिठ्ठीला.

खरं बोलायचं तर पहिला, तांबड्या खुणांचा अहवाल जास्त उपयोगाचा होता. त्यात पान १३०, १३४, १३८, १४१ या पानांपुढे स्पष्ट ‘आरजीबी टेक्स्ट’ लिहिलं होतं. एकरंगी फर्म्यात आरजीबी मजकूर कशाला, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. मी आकडा बघितला, पानं बघितली नाहीत, आणि बटणाने तो पुरावाच पुसून टाकला. दुरुस्तीनंतरच्या फाइलमध्ये ते मथळे कुठल्याही सभ्य सीएमवायके मजकुरासारखे दिसत होते. म्हणून मी आता पहिला अहवाल वेगळा साठवते आणि दुरुस्ती त्यानंतर करते, तीही एकेका प्रकारची.

डीटीपीवाल्या पोराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “ताई, माझ्याकडं ब्लूच दिसत होतं, मला वाटलं तुम्ही ब्लॅक करून घेता.” मी म्हटलं, “आणि मला वाटलं तू केलंयस.” त्याला बोलायला मला तोंड नव्हतं. त्याने यादीतले ते दोन रंग काढून टाकले. काढताना इनडिझाइन विचारतं की या जागी कोणता रंग देऊ. त्याने साधा काळा दिला आणि सगळे मथळे एका फटक्यात काळे झाले. वीस मिनिटांत नवी पानं आली.

त्याच पानांत मला आणखी एक गोष्ट दिसली. ती कुठल्याच अहवालात नव्हती आणि कधी येणारही नाही. एका उपमथळ्यात ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढे जाऊन उभी होती आणि ‘वाऱ्यावर’मधला ऱ्या फुटून हलन्त दिसत होता. इनडिझाइनच्या परिच्छेदाला भारतीय लिप्या जुळवणारा कंपोझर लावावा लागतो. त्या एका चौकटीला तो लावायचा राहिला होता. फॉन्ट आत होता, रंग काळा होता, सगळं मानकाप्रमाणे होतं. मराठी तेवढी चुकली होती. उपमथळाच गायब असल्यामुळे छापलेल्या तावांवर ही चूक दिसलीही नसती, आणि लेझरच्या प्रतीवर ती तीन जणांच्या डोळ्यांखालून गेली होती.

त्यानंतर

नववा फर्मा ३१ तारखेला पुन्हा छापला. दोन प्लेटा गेल्या, सहा रीम आणि वर काही ताव कागद गेला. कागद प्रेसने सोसला, जादा रात्रपाळी काकांनी. संपादकांना आम्ही सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा रागावले, मग सहीच्या प्रतीकडे बराच वेळ बघत बसले.

मी ॲक्रोबॅटमध्ये एकरंगी फर्म्यांसाठी वेगळी तपासणी बनवली. तिच्यात एक्स-१ए च्या अटी आहेतच, वर आणखी दोन: पानावर काळ्याखेरीज कुठल्याही शाईचा अंश असेल तर चूक, आणि बारीक मजकूर शंभर टक्क्यांहून कमी काळा असेल तर इशारा. दुसऱ्या अटीवरून डीटीपीवाले कुरकुरतात, कारण काहींना तळटिपा करड्या आवडतात. मॅपलिथोवर करड्या तळटिपा वाचताना चष्मा पुसावासा वाटतो, असं माझं मत आहे, म्हणून तो इशारा मी काढलेला नाही. लेझरचं प्रूफ आता पीडीएफवरून काढत नाही. प्लेटसाठी तयार झालेली काळ्याची प्रतिमा प्लेटच्या संगणकावरून उतरवून घेतो आणि तीच छापून देतो. ती दिसायला कुरूप असते, ठिपकेदार, पण प्लेटवर जे जाणार तेच तिच्यावर असतं.

अंक ६ नोव्हेंबरला बांधून झाला. चुकलेले ३,१०० ताव एका बाजूला छापलेले, पाठीमागे कोरे पडून होते. गठ्ठे बांधायला काकांनी तेच काढले. टेम्पोत चढणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर पान १४१ होतं, माथ्याला तीन इंच कोरं, आणि हमालाने मार्करने त्याच कोऱ्या जागेत प्रतींचा आकडा लिहिला होता.